नंबर सात आंबला नव्हता

"दाजी, खरं सांगा, तुमी घेता का?"

राजनंदिनीनं विचारलं आणि बैठकीत डोक्यावरचा पंखा तेवढा फिरत राहिला, बाकी सगळं थांबलं. तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या हातातली बशी ओठापाशी थांबली. अभिमन्यूकाकांचं पान चावणं थांबलं. दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी असलेली आई तर पापणी हलवायचीही विसरली.

दाजी म्हणजे विजयसिंह, तिच्या दिपालीताईचे यजमान. कडा गावाकडची बागायत, दारात दोन गाड्या, आणि आज लग्नानंतर पहिल्यांदाच धोंड्याच्या जेवणाला सासुरवाडीला आलेले. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि वर पाया पडायचं. आता नारायणाला कुणी 'घेता का' म्हणून विचारतं का? राजनंदिनीनं विचारलं.

"घेतो की!" दाजी दिलखुलास हसले. "चहा घेतो, थोरामोठ्यांचा आशीर्वाद घेतो, आन् आज सासरा काय देईल ते घेतो."

सगळे हसले. अण्णांची बशी पुन्हा हलली. आईनं मात्र तांब्या टेकवला आणि लेकीला दंडाला धरून सरळ स्वयंपाकघरात आणलं.

"जीभ हाय का कातरी तुझी? कावून विचारलंस?"

"सहज विचारलं, आई."

"सहज! जावयाला सहज विचारत्यात व्हय असलं? दुसऱ्यांदा तोंड उघडलंस तर त्याच तोंडात पुरणाचा गोळा कोंबीन."

सहज वगैरे काही नव्हतं. दहावीचे उन्हाळी तास सुरू झाल्यापासून शेवटच्या बाकावर हा विषय पेटलेला होता. दिपालीताईच्या वरातीत दाजी घोड्यावरून उतरून ज्या तऱ्हेनं नाचले होते, ते अख्ख्या गावानं पाहिलं होतं. सत्यशीला म्हणाली होती, "एवढी भाषणात पहिली आलीस, स्टेजवर माइक धरून बोलतीस, तर मग दाजीला विचारून दाखव." आणि पैज अशी लागली होती की राजनंदिनीनं विचारलं, तर सत्यशीलानं नंबर चार आख्खा ग्लास प्यायचा, मध्ये श्वास न घेता. नंबर चार म्हणजे कारलं, दुधीभोपळा आणि कैरी.

तिनं गुपचूप फोन काढला आणि सत्यशीलाला लिहिलं, "विचारलं. उत्तर न्हाई आलं."

हे नंबर म्हणजे तिची वही. वहीवर मोठ्या अक्षरात 'कॉकटेल' लिहिलेलं. बीडच्या बसस्टँडजवळ ज्यूस सेंटरच्या पाटीवर 'मिक्स कॉकटेल' असं लिहिलेलं तिनं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो शब्द तिच्या डोक्यात बसला होता. एक रस कुणीही काढतं. दोन-तीन रस एकमेकांशी बोलायला लागले की कॉकटेल. नंबर एक, गाजर आणि संत्रं, बरं झालं होतं. नंबर दोन, टोमॅटो आणि द्राक्षं. अण्णांनी एक घोट घेऊन ते कालवणात ओतायला सांगितलं होतं. नंबर तीनमध्ये तिनं चुकून कडू काकडीच घातली होती, त्याबद्दल न बोललेलं बरं.

पण नंबर सात! नंबर सात म्हणजे कलिंगड आणि बीट, त्यात पुदिना, लिंबू आणि भरपूर आलं. बीट कच्चं किसून धोतराच्या जुन्या फडक्यातून पिळायचं, मिक्सरला अजिबात लावायचं नाही, नाहीतर मातकट लागतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा वेळा चुकून तिनं स्वतः शोधलं होतं. ग्लासाच्या कडेला लिंबाची फोड फिरवायची आणि ती कड मीठ-तिखटात बुडवायची. पहिला घोट खारट, मग गोड, मग घशात आल्याचा चटका. उन्हातून आलेला माणूस त्या घोटाला डोळे मिटतो.

पण मिटणार कधी? या घरात दिवसाला चाळीस माणसं येतात. अण्णा, म्हणजे रामकिसनराव, माजी सरपंच आणि बहुतेक पुढचे पंचायत समितीचे उमेदवार. चाळीसही माणसं बेचाळीस डिग्रीत चहा पितात. राजनंदिनी ट्रेमध्ये लाल रस घेऊन जायची, तर माणसं आधी ट्रेकडं बघायची, मग अण्णांकडं, आणि अण्णा म्हणायचे, "ते राहू दे, चहा टाक." ते राहू दे! सहा महिने ती हेच तीन शब्द ऐकत होती. एकदा तर एका कार्यकर्त्यानं विचारलं होतं, "ताई, हे रक्त वाढायचं औषध हाय का?"

एकाच माणसानं ग्लास पूर्ण संपवला होता, त्या म्हणजे बायडाबाई. महिला बचत गटाच्या अध्यक्षा, वय साठ, आवाज लाउडस्पीकरचा. दोन वर्षांपूर्वी गावात दारूबंदीचं मतदान झालं, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली, तेव्हा बायडाबाईंनी घरोघरी फिरून बाया बाहेर काढल्या आणि आडवी बाटली जिंकवली. अण्णा त्या मोहिमेचे पुढारी होते. त्या दिवशीचा पेपरातला फोटो फ्रेम करून बैठकीत लावलाय. मध्ये अण्णा, शेजारी बायडाबाई, दोघांच्या कपाळाला गुलाल. आज नेमके त्या फोटोच्या खालीच दाजी बसले होते.

तर या बायडाबाईंनी नंबर सात संपवून ओठ पुसले होते आणि म्हणाल्या होत्या, "पोरी, चतुर्थीला लिंबागणेशला आमचा स्टॉल असतो. मागच्या येळी पापड-कुरडया ठेवल्या. उन्हाचं कोण कुरडया खातंय? औंदा तुझा रस ठेवू. पण आधी तुमच्या धोंड्याला ठेव. जावयापुढं, पाव्हण्यांपुढं चालला, तर देवापुढं बी चालंल. मी येतेच हाय जेवायला. बघून सांगते."

म्हणजे आज राजनंदिनीची परीक्षा होती. तोंडी आणि प्रात्यक्षिक, दोन्ही.

तिनं पहाटेपासून तयारी केली होती, पण रस मात्र केला नव्हता. तिला माहीत होतं की कलिंगड कापलं की घड्याळ सुरू होतं. बीडहून बर्फाची लादी आली होती, ती पोत्यात गुंडाळून ठेवली. अकरा वाजता फळं कापली. साडेअकराला बीट पिळलं. हात मनगटापर्यंत लाल झाले. बरोबर बाराला रस तयार झाला, आणि तो तिनं दोन स्टीलच्या जगांत भरला. जगांची ती जोडी ताईच्या लग्नातल्या आहेराची, दोन्हींवर एकसारखं नाव कोरलेलं. दोन्ही जग फ्रीजमध्ये, शेजारी शेजारी.

"आई, एक ऐक. नैवेद्याच्या ताटाशेजारी माझा एक पेला ठेवायचा."

"देवाला बीट चालतं का?"

"जमिनीत उगवतं, चालतंय. रताळं चालतंय की!"

आईनं धोंडे तळता तळता कपाळावरचा घाम पदरानं टिपला. सकाळपासून वीज तीनदा गेली होती. "ठेवते माय," ती म्हणाली. "पण मघासारखं काही बोलू नको."

इतक्यात अभिमन्यूकाका स्वयंपाकघराच्या दारात आले. हे काका सहसा स्वयंपाकघराकडं फिरकत नसत.

"राजनंदिनीबाई! तुमचा तो लाल रस झाला का?"

"झाला की! काका, तुमी पिणार?"

"मी काय, जावईबापूंलाच पायजे. माडीवर एसीत बसलेत. म्हन्ले, पोरीच्या हातचं काहीतरी गार पाठवा. जग दे आख्खा. ग्लास बी दे, ते कडेला मीठ लावून देतीस न्हवं, तसलं."

राजनंदिनीला वाटलं, आत्ता इथंच नाचावं. सहा महिन्यांत पहिल्यांदा, पहिल्यांदाच, कुणीतरी स्वतः होऊन तिचा रस मागितला होता! आणि कुणी, तर दाजींनी! मघाशी आपण त्यांना भर बैठकीत नको ते विचारलं, आणि हा माणूस रुसला नाही, उलट आपल्या हातचं मागतोय. तिला आपल्या प्रश्नाची लाज वाटली. तिनं चार ग्लासांच्या कडा इतक्या नीट मीठ-तिखटात बुडवल्या, की एक कण इकडचा तिकडं नाही. जिन्यापर्यंत ती स्वतः ट्रे घेऊन गेली.

"बास, इथून मी नेतो," काका म्हणाले. "वर पुरुषमाणसं बसलीत."

अर्ध्या तासानं काका परत आले, आल्या आल्या फ्रीज उघडला आणि निम्मा राहिलेला जग आत ठेवला.

"वरचा बर्फ संपला. जरा गार होऊ दे, मग परत नेतो."

"आवडला का हो काका?"

"आवडला का म्हंजे? लई भारी! रंग काय, चव काय! आलं झकास घातलंयस." आणि हसत हसत गेले. राजनंदिनीनं वहीत नंबर सातपुढं लिहिलं, 'दाजींना आवडला.' खाली दोन रेघा मारल्या.

एक वाजता पाट मांडले. शेजारच्या बाया आल्या, बायडाबाई आल्या. त्या अधिकात एकवेळच जेवतात, सकाळपासून पाण्यावर होत्या. दाजी आणि ताई पाटावर बसले, ताई पैठणीत, मान खाली. आईनं दोघांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. दाजींचा चेहरा उन्हानं झाला असावा तसा लालसर दिसत होता. राजनंदिनी अनारशांचं ताट सांभाळत उभी होती. नैवेद्याच्या वेळी आईनंच घाईघाईनं फ्रीज उघडला, पुढं होता तो जग उचलला आणि चांदीच्या पेल्यात रस ओतून देवापुढं ठेवला. पाण्याचा हात फिरवला, डोळे मिटले. मग तो पेला उचलून बायांच्या हातावर तीर्थासारखा थोडा थोडा वाढला.

पहिला घोट बायडाबाईंचा. राजनंदिनी त्यांच्याच तोंडाकडं बघत होती. हे डोळे आता मिटणार.

डोळे मिटले. पण गच्च मिटले, औषध प्यायल्यासारखे. बायडाबाईंना ठसका लागला.

"अगं बया, जीभ चरचरली! नंदे, आंबलं की गं हे."

"कसं आंबंल? आत्ता बाराला केलाय!"

दुसऱ्या बाईनं चाटून बघितलं आणि पदराला तोंड पुसलं. तिसरीनं हात तसाच झटकला. आईचा चेहरा पांढरा पडला, कारण तिला एकच दिसत होतं, की आंबलेलं देवाला दाखवलं. बाहेरून अण्णा आले. "काय झालं?" म्हणत त्यांनी पेला घेतला, नाकाशी नेला.

एकदाच नेला. राजनंदिनीनं नंतर कितीदातरी तो क्षण आठवून पाहिला. अण्णांनी वास घेतला, मग अभिमन्यूकाकांकडं बघितलं. काकांनी जमिनीकडं बघितलं. मग अण्णा शांतपणे म्हणाले, "उन्हाळा हाय. फळाच्या रसाला काय येळ लागतो? आंबला."

"अण्णा, न्हाई आंबला! दोन्ही जग मी—"

"नंदे! पाव्हण्यांसमोर वाद न्हाई घालायचा."

"पण मी चाखून ठेवलाय ना!"

"पोरीची हौस हाय, राहू द्या," पाटावरून दाजी म्हणाले, मोठ्या मनानं माफ केल्यासारखे. "लहान हाय. शिकंल हळूहळू."

बाया हसल्या. अण्णांनी पेला मोरीत ओतला, आईला म्हणाले, "ते राहू दे. चहा टाक." आणि वाढपाला सुरुवात झाली.

राजनंदिनीला रडू येत नव्हतं, हाच तर त्रास होता. रडू आलं असतं तर मोकळं तरी वाटलं असतं. लाल हातात अनारशांचं ताट होतं, आणि ते खाली ठेवायलाही कुणी सांगत नव्हतं. तेहतीस अनारसे. त्यांतला एक उचलून दाजींच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं, पण अनारशानं कुणाला लागत नाही.

हात धुवायला मागं आल्यावर बायडाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नको. पण पोरी, स्टॉलवर न्हाई ठेवता येणार आता. माझ्या गटाचं नाव हाय. उन्हातान्हाचं कुणाच्या पोटात दुखलं तर बाया माझ्या अंगावर येतील. पुढच्या साली बघू."

"मावशी, खरंच आंबला नव्हता ओ."

"मग जीभ का चरचरली?"

बायडाबाई गेल्या. राजनंदिनीनं ताट आपटलं आणि फ्रीजकडं गेली.

दुसरा जग तसाच भरलेला होता. तिनं ग्लासात ओतून प्याला. खारट नाही, कारण कड लावली नव्हती, पण गोड, गार, घशात आल्याचा बरोबर तेवढाच चटका. नंबर सात, जसाच्या तसा. मग तिनं काकांनी परत आणलेल्या जगातलं थोडं ग्लासात घेतलं. ओठाला लावलं आणि तिथंच थांबली. आल्याच्या मागून, पुदिन्याच्या मागून एक वास येत होता. करोनात शाळेच्या दारात हातावर सॅनिटायझर ओतायचे, तसला. हातभट्टीचा वास बायडाबाईंच्या नाकानं चार गल्ल्यांवरून ओळखला असता. पण ही महागाची बाटली असणार, त्यावर बीट, त्यावर भरपूर आलं. आलं आपणच घातलेलं.

ती जिना चढली. दाजी आणि काका खालीच जेवत होते, माडी मोकळी होती. टेबलावर तिचेच चार ग्लास, मीठ-तिखटाच्या कडा अर्ध्या चाटलेल्या. ती वाकून पलंगाखाली बघायला लागली. बाटली होती. आडवीच होती.

खरंतर तिला हसू यायला हवं होतं. तिनं फोन काढला, सत्यशीलाला लिहिलं, "उत्तर आलं." मग ते पुसून टाकलं. हे शेवटच्या बाकावर सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. यात ताई होती.

ताई आतल्या खोलीत पैठणी उतरवून साधी साडी नेसत होती. राजनंदिनीनं दार लावलं आणि जग तिच्यापुढं धरला.

"हे चाखून बघ."

दिपालीनं चाखलं नाही. नुसती मान जवळ नेली आणि लगेच मागं घेतली.

"वासावरूनच कळलं तुला?"

"वर्ष झालं, मी रोज घेऊ लागले हा वास."

"रोज?"

"सणाला जास्ती." ताई निऱ्या घालत होती, नजर निऱ्यांवरच. "तुझा रस चांगला झाला असणार. मला मघाच कळलं होतं, बायडाबाईंला ठसका लागला तवाच."

"मग बोलायचं ना! मी तिथं वेड्यासारखी उभी होते, ताई! सगळे हसले मला. माझा स्टॉल गेला!"

"कुणाला बोलू? अण्णांला?" ताई हसली, पण तसलं हसू राजनंदिनीनं तिच्या तोंडावर आधी कधी पाहिलं नव्हतं. "अण्णांला लग्नाच्या आधीपासून माहीत हाय. म्हन्ले, मोठ्या घरात चालायचंच."

राजनंदिनी पलंगावर बसली. खालून काकांचं हसणं ऐकू येत होतं, कुणीतरी जावईबापूंना आणखी एक धोंडा घ्यायचा आग्रह करत होतं. आता तिच्या लक्षात आलं. दाजींना तिचा रस आवडलाच नव्हता. त्यांना दारू लपवायला एक लाल रंग पाहिजे होता, आणि आल्याचा वास. तिच्या सहा महिन्यांच्या वहीतून त्यांनी एवढंच उचललं होतं. आणि पकडलं जायची वेळ आली, तेव्हा अण्णांनी तीच वही पुढं केली. पोरीचं आंबलं. संपला विषय.

"मी सांगते सगळ्यांला," ती म्हणाली, आणि लगेच तिचं अवसान गेलं. "पण मी बोलले तर ते तुला तिकडं नेऊन... तुला त्रास व्हईल ना?"

"व्हईल."

"मग मी गप बसते. तुझ्यासाठी."

दिपालीनं पदर खोचला आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"माझ्यासाठी म्हणून सगळेच गप बसतेत, नंदे. आई माझ्यासाठी गप बसते, अण्णा माझ्यासाठी गप बसतेत. वर्षभर समदे माझ्यासाठीच गप हाईत. तू तरी दुसरं कारण शोध."

राजनंदिनीनं जगावरचं नाव वाचलं. चि. सौ. कां. दिपाली. मग उठली.

चार वाजता दाजी माडीवर झोपले होते. काका कुठंतरी निघून गेले होते. बैठकीत अण्णा फोटोखालच्या सोफ्यावर पाय लांब करून मोबाईल बघत होते आणि आई खाली बसून ताईच्या वाणाची पिशवी भरत होती, अनारसे मोजून कागदात गुंडाळत होती. राजनंदिनी दोन्ही हातांत दोन जग घेऊन आली आणि मधोमध उभी राहिली. पायात चप्पल होती.

"कुठं निघाली?" आईनं विचारलं.

"आई, हा जग मी केला. हा बघ, चाख." तिनं भरलेला जग आईपुढं ठेवला. "आन् हा काकांनी वर नेऊन परत आणला. देवापुढं ह्यातलं गेलं. ह्याचा नुसता वास घे."

"नंदे," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नव्हता. सभेत समोरून कुणी उलटं बोललं की ते असाच आवाज काढत. "ठेव ते. आत जा."

आईनं वास घेतला. मग तिनं तो जग असा हळू खाली ठेवला, जसं काही त्यात निखारे आहेत. ती अण्णांकडं बघायला लागली. "नैवेद्याला?" ती एवढंच म्हणाली. "अवो, म्या ते नैवेद्याला दाखवलं?"

"झालं ते झालं," अण्णा म्हणाले. "जावई हाय. पाव्हणा वर झोपलाय. आरडाओरडा करून काय मिळणार हाय? एक रस आंबला म्हन्ल्यानं पोरीचं काय बिघडलं?"

"माझं बिघडलं!" राजनंदिनीचा आवाज चिरकला. तिला तो स्टेजवरच्या भाषणासारखा काढायचा होता, पण तसा निघाला नाही. "अण्णा, तुमी सहा महिन्यांत एकदा माझा रस नीट चाखला न्हाई, आन् आज न चाखताच म्हन्ला आंबला. तुमाला माहीत होतं आंबला न्हाई. पेला एकदा नाकाला लावला तुमी, मी बघितलं. तुमच्या आडव्या बाटलीचा फोटो जपायला तुमी माझं नाव घालवलं."

"बायडाबाईला कळलं तर गावात काय व्हईल, कळतंय का तुला? निवडणूक हाय."

"कळतंय."

"ताईचं काय व्हईल?"

"ते ताईला विचारा. तुमी वर्षात एकदा बी विचारलं न्हाई म्हणती ती."

आतल्या खोलीचं दार उघडलं होतं. दिपाली तिथं उभी होती, पुढं आली नाही आणि मागंही गेली नाही. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला. आई उठून दारापाशी गेली. राजनंदिनीला वाटलं, ती आता कडी लावणार. आईनं कडी लावली नाही. ती चौकटीला हात टेकवून नुसती बाजूला उभी राहिली, एक माणूस जाईल एवढी वाट सोडून.

राजनंदिनीनं दोन्ही जग उचलले. हातांवरचा बिटाचा रंग अजून गेला नव्हता.

"अण्णा, आई, मी बायडाबाईंकडं निघालेय," ती म्हणाली. "दोन्ही जग त्यांच्यापुढं ठेवणार, आन् जीभ कावून चरचरली ते सांगणार. कुणी वर नेला, काय ओतलं, पेला कुणी मोरीत ओतला, त्यांनी विचारलं तर तेबी सांगणार. स्टॉल दिला तर ठीक, न्हाई दिला तरी चालंल. पण नंबर सात आंबला नव्हता, हे आज गावात एका माणसाला तरी कळंल. आन् उद्यापासून या घरात ज्याला माझा रस पायजे, त्यानं स्वयंपाकघरात यायचं आन् माझ्यासमोर उभं राहून प्यायचं. जग वर जाणार न्हाई."